दचकी साळू आणि पुळणवाडीची कुर्ली

कातळवाड्याच्या टोकावर अजून दिवा लागत नव्हता आणि होड्या माणसांच्या अंदाजावरच घरी परतत होत्या, त्या काळात साळू नावाची एक मुलगी त्या गावात सून म्हणून आली. ती आली पुळणवाडीहून. पुळणवाडी दक्षिणेला, लांबच लांब वाळूच्या किनाऱ्याची. कातळवाडा म्हणजे नुसता काळा खडक आणि खडकांतून वाट काढत समुद्राला मिळणारी चिखलाची खाडी.

साळू फार दचकायची. झावळी पडली की दचकायची, कुणी मागून हाक मारली की दचकायची. लग्नाच्या दिवशी नवऱ्यानं, म्हणजे रवळूनं, हळूच विचारलं, "पाणी व्हया?" तर तिच्या हातातलं सगळं तांदूळ-कुंकू त्याच्याच डोक्यावर उडालं, असं म्हणतात. वाडीतली पोरं तिच्या मागे जाऊन करवंटी आपटायची आणि पळायची. साळू उडायची, मग स्वतःशीच ओशाळून हसायची. पण छातीतली धडधड थांबायला तिला बराच वेळ लागायचा, आणि तो वेळ तिचा तिलाच माहीत असायचा.

या भित्रेपणाला एक मूळ होतं. लहानपणी एका कुर्लीनं, म्हणजे समुद्रातल्या खेकड्यानं, तिचं बोट असं धरलं होतं की नख निघून आलं. तेव्हापासून साळू कुर्लीला हात लावण्याआधी तिला पुरती बघून घ्यायची. बाकीच्या बायका टोपलीत हात घालत, कुर्ली उचलत, नांगे मोडत, की झालं. साळू उकिडवी बसायची. पाठ किती रुंद, कड कशी वळलेली, दोन्ही बाजूंचे काटे किती लांब, नांगा कुठून उघडतो, सगळं बघायची आणि मगच हात पुढे करायची. भीतीनं बघायची, पण बघायची. वर्षानुवर्षं असं बघून बघून तिच्या डोळ्यांत कुर्ल्यांचे आकार घर करून राहिले.

म्हणून सासरी पहिल्यांदा टोपली समोर आली तेव्हा ती थबकली. "आये, ही आमच्यासारखी नाय," ती सासूला म्हणाली. "आमची पाठीन रुंद असता. काटे सुयेसारखे. हिची पाठ अरुंद आणि फुगीर, काटेय बोथट."

सासू मंजुळा, आवाजानं मोठी आणि हातानं भराभर, म्हणाली, "कुर्ली ती कुर्ली. तिका काय गाव असता?"

झालं. वाडीला हसायला निमित्त मिळालं. कुणाच्या जाळ्यात कुर्ली आली की बायका ओरडायच्या, "साळू गे, हिका आडनाव इचार!" साळू मान खाली घालायची. पण टोपलीतलं बघणं काही तिनं सोडलं नाही.

मग एका भाद्रपदात वादळ उठलं. असं वादळ की खाडीचं पाणी देवळाच्या पायरीला लागलं आणि माडांची डोकी जमिनीला टेकून वर आली, असं म्हणतात. वादळ उतरलं तेव्हा कातळवाड्याच्या बऱ्याच होड्या खडकावर फुटलेल्या होत्या, आणि रवळूची होडी माणसांसकट परतलीच नव्हती. धड अशा दोनच होड्या उरल्या. समुद्र अजून खवळलेला, त्यामुळे त्यांना एकमेकींच्या आधारानंच जायला हवं होतं. म्हणजे एकच दिशा. उत्तर तरी, नाहीतर दक्षिण तरी. चुकीच्या दिशेला गेलं तर परत येऊन दुसरीकडे जाईपर्यंत तहानेनं माणसं गेली असती. हे सगळ्यांना कळत होतं.

बाबल तांडेल गावातला सगळ्यात जुना होडीवाला. तो म्हणाला, "वारो उत्तरेक होतो. होडी उत्तरेकच गेली असतली." माणसांनी शिडं बांधायला घेतली.

तेवढ्यात लाटेनं जाळ्याचा एक तुकडा खडकावर आणून टाकला. त्याला पांगाऱ्याच्या लाकडाचे तरंगते ठोकळे होते आणि प्रत्येक ठोकळ्यावर चांदणी डागलेली होती. ती खूण रवळूची. मंजुळानं ते जाळं उराशी धरलं आणि ती मटकन खाली बसली. जाळ्यात काहीतरी हललं. एक कुर्ली, जिवंत, दोऱ्यात गुरफटलेली.

साळू नेहमीसारखी उकिडवी बसली. बघितलं. पाठ रुंद, चपटी. दोन्ही बाजूंना सुईसारखे लांब काटे.

समोर सगळे पुरुष, तांडेल, गावकार. एवढ्या लोकांत ती कधी बोललीच नव्हती. पण गप्प राहिलं तर होड्या उत्तरेला जाणार, हेही तिला दिसत होतं.

"ही हयची न्हय," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. मग तिनं पुन्हा म्हटलं, "ही पुळणवाडीची. ह्यां जाळां थंयसून इला. होडी दक्षिणेक असा."

"कुर्लेक धा पाय असत," गर्दीतून कुणी म्हणालं. "चलत इली असात."

कुणीतरी हसलं. साळूनं मग जे केलं ते कातळवाडा अजून विसरलेला नाही. तिनं दोरे बाजूला सारले आणि नांगे उघडून बसलेली ती कुर्ली उघड्या हातानं उचलली. कुर्लीनं तिचा अंगठा धरला. रक्त आलं. साळू दचकली नाही. शेजारच्या टोपलीतली खाडीची कुर्ली तिनं दुसऱ्या हातात घेतली आणि दोन्ही बाबल तांडेलासमोर धरल्या.

बाबलनं एक बघितली, दुसरी बघितली. आयुष्यभर खाल्लेली वस्तू तो पहिल्यांदाच बघत होता. मग तो जाळ्याच्या तुटक्या दोराकडे वळला आणि हळूहळू म्हणाला, "रवळून शीड उतरून जाळां पाण्यात सोडल्यान असतला. मगे होडी वाऱ्यावांगडा नाय, खालच्या पाण्यावांगडा दक्षिणेक गेली. दोर तुटलो, आणि हलक्या जाळ्याक वाऱ्यान परत हाडल्यान." शिडाचा दोर त्यानं हातातून सोडला. "वाऱ्याक मी वळखतंय. खालचां ही वळखता. दक्षिणेक चला, आणि हिका घेवा."

"बाईमाणूस होडयेत?" कुणी पुटपुटलं.

मंजुळा उठून उभी राहिली. "मगे तू जा आणि कुर्ल्यो वळख. तुझी चूल मी फुकतंय," ती म्हणाली. आणि तिनं सुनेचा रक्ताळलेला अंगठा आपल्या पदरानं बांधला.

साळू होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, बसली. धुकं असं की वल्ह्याचं टोक दिसेना. किनारा नाही, तारा नाही, खूण नाही. तेव्हा बाबल थोड्या थोड्या वेळानं जाळं टाकायचा आणि साळू वर आलेली कुर्ली हातात घ्यायची. पाठ थोडी रुंद झालेली असायची, काटा थोडा लांबलेला. "अजून फुडे," ती म्हणायची. एकदा काटे पुन्हा आखूड दिसले. "परत फिरवा, आपण खाडयेच्या तोंडाक इलव," ती म्हणाली, आणि खरंच धुक्यात खडकाची कड समोर उभी होती. पुढे पुढे तर जाळं टाकावंच लागेना, कुर्ल्या आपण होऊन वल्ह्यांना धरून वर येऊ लागल्या, असं म्हणतात. शेवटी एक अशी आली की साळूनं तिला बघितलंच नाही, नुसता अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. "ही माझ्या म्हायारची," ती म्हणाली. "हाक मारा."

बाबलनं हाक मारली. धुक्यातून उत्तर आलं.

पुळणवाडीसमोर, भर समुद्रातल्या उघड्या खडकावर रवळू आणि त्याचे सोबती होते. खळग्यांतलं पावसाचं पाणी संपत आलेलं, ओठ फाटलेले, पण सगळे जिवंत. होडीत आधी बायको बघून रवळूला वाटलं आपल्याला भास होतोय. पाण्याचा घोट पोटात गेल्यावर तो म्हणाला, "साळू, तू? एवढ्या दर्यात? दचकलंस नाय?"

तेवढ्यात एक पक्षी डोक्यावरून ओरडत गेला आणि साळू अशी दचकली की पाण्याचं मडकं रवळूच्या अंगावर रिकामं झालं. खडकावरची ती माणसं किती हसली म्हणता. वल्ही मारणारेसुद्धा हसले. पण त्या हसण्यात पूर्वीचं हसणं नव्हतं, आणि साळूला ते कळलं.

पुढे कुठल्या कुठल्या खाड्यांवरून लोक फडक्याखाली कुर्ल्या झाकून आणायचे आणि तिची परीक्षा बघायचे. टोपली आपटून ठेवली की ती दचकायची, आणि मग एकेक कुर्ली उचलून तिचं गाव सांगायची. एकदाही चुकली नाही, असं म्हणतात. ती म्हातारी झाली, गेली. कातळवाड्यावर दिवा आला, होड्यांना यंत्रं आली.

पण आजही हंगामातली पहिली कुर्ली कातळवाडा शिजवत नाही. पालथ्या टोपलीवर ठेवून सगळं गाव ती आधी नीट बघतं. मग ज्या घराच्या जाळ्यात ती आली त्या घरातली थोरली सून विचारते, "खंयची गे तू?" आणि तिला पाण्यात सोडते. त्या गावात मागून येणारा माणूस आधी खाकरतो, मगच जवळ येतो. आणि नवी सून आली की सासू तिच्यापुढे खाडीची कुर्ली ठेवते आणि तुमच्याकडची कशी असते ते विचारते. सून सांगते. ती कितीही हळू बोलली तरी चालतं. तिचं ऐकू यावं म्हणून तेवढा वेळ समुद्राकडची दारं लावून घेतात.