रहाटाचं कुलूप

खूप खूप जुनी गोष्ट. दगडाळ डोंगरावर एक गाव होतं आणि गावाला एकच विहीर. ती इतकी खोल, की हाताने पाणी शेंदणं कुणालाच जमत नसे. म्हणून गावाने एका नामांकित कारागिराकडून रहाट विकत घेतला होता. रहाटाला एक लाकडी पेटी होती आणि पेटीला कुलूप. दर पाडव्याला कारागीर येई, किल्ली फिरवी, आपली बिदागी घेई. मग रहाट वर्षभर फिरे.

कुलूप उगाच नव्हतं. पूर्वी लबाड व्यापाऱ्यांनी त्याची पेटी उघडून आतली रचना चोरली होती, तसेच रहाट करून बाजारात विकले होते. कारागिरावर भीक मागायची पाळी आली. तेव्हा राजाने कायदा केला, की पेटी उघडेल त्याचे तळहात डागायचे.

एका वर्षी कारागीर वारला. त्या राज्यात कारागीर गेला, की त्याची हत्यारं रक्षेबरोबर नदीत सोडत. हत्यारांबरोबर किल्लीही गेली. पाडवा आला आणि रहाट अडला.

गाव डबक्याचं पाणी पिऊ लागलं. घरोघरी माणसं आजारी पडली. लोहाराच्या लेकीची आईही तापाने फणफणली. लेक तडक पारावर गेली.

"आजोबा, पेटी उघडू या. मी उघडते."

"दरबारात अर्ज धाडलाय," गावचे थोरले म्हणाले. "उत्तर येईस्तोवर धीर धर."

"उत्तर येईल, पण ते ऐकायला कोण उरेल?"

"जीभ आवर, पोरी. रहाट आपला असला तरी पेटीचं आतलं आपलं नाही. रहाट घेताना आम्ही तशी शपथ घेतलीय."

"चोरी वेगळी आणि तहान वेगळी! मला रहाट विकायचा नाही. माझ्या आईला पाणी पाजायचंय."

"काल जन्मलेली आम्हाला शिकवते," कुणीतरी हसलं.

त्या दुपारी दोन तिरड्या उठल्या. लेक छिन्नी घेऊन विहिरीवर गेली. कुलूप तोडून तिने आत पाहिलं. काहीच मोडलेलं नव्हतं. वर्ष सरलं की चाकात पडावी, अशी एक खुंटी तेवढी होती. तिने ती उपसून काढली. रहाट कुरकुरला आणि पाणी वर आलं.

सगळ्यांत आधी थोरले पोटभर पाणी प्यायले. मग मिशा पुसून त्यांनीच राजाच्या शिपायाला बोलावणं पाठवलं.

"मी नक्कल केली नाही," लेक म्हणाली. "एकही पैसा घेतला नाही."

"का तोडलं, ते कायदा विचारत नाही," शिपाई म्हणाला. "तोडलं का, एवढंच विचारतो."

तिने थोरल्यांकडे पाहिलं. सगळे जमिनीकडे बघत होते. पारासमोरच तिचे तळहात डागले गेले. शिपायाने खुंटी पुढच्या पाडव्याला पडेल अशी पुन्हा बसवली, पेटीला राजाचं कुलूप घातलं आणि किल्ली राजधानीला नेली.

आई वाचली. लेकीची बोटं मात्र आखडली ती कायमची. ज्या हातांनी तिने आईला पाणी पाजलं होतं, त्यांना आता घासही धरता येईना. आई तिला भरवू लागली.

पुन्हा पाडवा आला. खुंटी पडली, रहाट अडला. दरबारातून उत्तर नव्हतंच. या वेळी थोरले स्वतः तिच्या दारी आले.

"बाळ, उघड गं पेटी. आता तुला आणखी काय शिक्षा होणार?"

तिने आखडलेले हात पुढे केले. "छिन्नी धरवत नाही. पण काय करायचं ते ठाऊक आहे. मी सांगते, तुम्ही उघडा."

थोरल्यांनी आपापल्या तळहातांकडे पाहिलं आणि हळूच ते उपरण्याखाली घेतले.

ती आईला घेऊन डोंगर उतरली. मागे वळून पाहिलं नाही. पावसाळ्यापूर्वीच गाव संपलं. जी वाचली ती माणसं परागंदा झाली. विहिरीच्या तळाशी पाणी तसंच होतं आणि पेटीवरचं कुलूप शाबूत होतं.

तात्पर्य: कारागिराचे कष्ट राखणारा कायदा हवाच, पण जो कायदा तहानलेल्याला चोर ठरवतो, तो मुकाट पाळणारेच गावाचा जीव घेतात.