गवरूबाईची बोली

"आणि स्वरांची लांबी मोजायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, बाई?"

हेरंब चौबळने प्रश्न वहीत लिहूनच आणले होते. हा सातवा. भाषाशास्त्रात संशोधन करणारा हा तरुण पुण्याहून मिरजेला आला होता, बेहेरेबाईंकडे. बाईंनी चौदा वर्षं खपून एका बोलीचा कोश केला होता. ती बोली आता कुणी बोलत नव्हतं.

"तुझी बोली कुणाची?" बाईंनी विचारलं.

"चुना भाजणाऱ्यांची. बोलणारी एकच उरलीय, गवरूबाई. तिचं चाळीस तासांचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. इतकं कुणीच केलेलं नाही."

"ऐकव."

लॅपटॉपमधून एक थकलेला आवाज आला. पाण्याला काय म्हणतात, विस्तवाला काय, जावयाला काय... एकेक शब्द. मग ती बरंच काही सलग बोलली. शेवटी आवाज चढला आणि थांबला.

शांतता...

"पुढचा शब्द सांगा, आजी," रेकॉर्डिंगमधला हेरंब मराठीत म्हणाला.

बाईंनी हात वर केला. त्याने आवाज बंद केला.

"काय विचारलं तिने?"

"ते यादीत नव्हतं. तो भाग मी कापणार आहे."

"कळलं होतं का तुला?"

हेरंबने लॅपटॉप मिटला.

"हो... म्हणाली, बहीण गेल्यापासून कुणी हुंकारसुद्धा देत नाही. तू तरी ऐकतोयस ना?"

"मग?"

"मला समजतं, बाई. बोलता नाही येत."

बाई उठल्या. कपाटातून कोश काढून त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवला. आता पुस्तकांची नावं सांगतील म्हणून हेरंबने पेन उघडलं.

बाई दाराकडे वळल्या आणि एक अनोळखी शब्द मोठ्याने म्हणाल्या. मग तशाच उभ्या राहिल्या. कुणीतरी येणार असल्यासारख्या...

कुणी आलं नाही.

"दारात उभं राहून हे म्हटलं की आतून उत्तर यायचं," त्या म्हणाल्या. "उत्तरही आहे कोशात. पान दोनशे अकरा."

हेरंबने पान उघडलं नाही. वही मिटून पिशवीत टाकली.

"मग मी काय वाचू, बाई?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"गवरूबाईच्या गावाची एसटी किती वाजता आहे?"