माघातल्या सात तुळया

फार पूर्वी वेणुमती नगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सुताराच्या कुळात जन्मला होता. ही गोष्ट घडली तेव्हा तो म्हातारा झाला होता आणि लोकांच्या घाईला कंटाळला होता.

एका श्रावणात राजाने त्याला बोलावले. "कार्तिकातल्या उत्सवाला नदीवर पूल हवा. उद्याच साग तोड."

"महाराज, आत्ता झाडाच्या अंगात पाणी आहे. असलं लाकूड भुंगा पोखरतो. माघात पानं गळाली की अंधाऱ्या पक्षात तोडू, वर्षभर सावलीत वाळवू, मग पूल बांधू."

"तोवर लोकांनी काय करायचं?"

"नावेनं जातील. आजवर गेले तसे."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! राजाने हे काम बोधिसत्त्वाचा धाकटा भाऊ कुंभक याला दिले आणि बजावले, "पूल खचला तर बांधणाऱ्याचे हात तोडीन." कुंभकाने श्रावणातच झाडे पाडली. उत्सवाला पूल उभा राहिला, कुंभकाला शेला मिळाला. बोधिसत्त्व आपल्या कामाला लागला. बोलून बोलून तो दमला होता.

दुसऱ्या वर्षी कुंभक धापा टाकत त्याच्या दारात आला.

"दादा, पुलाखाली भुसा पडतोय. तुळया आतून पोकळ झाल्यात. माणसं मरतील रे, आणि माझे हात जातील."

"बस आधी. पाणी पी," बोधिसत्त्व म्हणाला.

त्याच्या अंगणात सात तुळया रचलेल्या होत्या. माघात तोडलेल्या, पाच वर्षे वाळवलेल्या. त्याचे घर गळत होते आणि नव्या छपरासाठी त्याने त्या जपून ठेवल्या होत्या. तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसला. त्याला वाईट वाटले, फार वाईट वाटले. मग उठून त्याने बैल जुंपले.

दोघा भावांनी पूल बंद करून नऊ दिवस तुळया बदलल्या. नवव्या दिवशी राजा पाहायला आला. काढलेल्या तुळईला त्याने हात लावला तर तिचा चुरा झाला.

"असा पूल बांधणारा पुढे हो!"

कुंभक मागे सरला. बोधिसत्त्व पुढे झाला. "आमच्या घराने बांधला, महाराज. घरात थोरला मी. हात तोडायचे तर हे घ्या."

राजाने ते सोललेले, रक्ताळलेले हात पाहिले. घाई कोणाची होती हे त्याला आठवले. "घरी जा, बाबा," एवढेच तो म्हणाला आणि मान खाली घालून परतला. त्या पावसाळ्यातही बोधिसत्त्वाचे घर गळतच राहिले.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जमलेल्या भिक्खूंना त्या जन्माचा या जन्माशी मेळ बसवून दाखवला, "तेव्हाचा राजा म्हणजे काल विहाराचे छप्पर ओल्या लाकडाने उरकू पाहणारा आपला उपासक. थोरला सुतार मी होतो. आणि कुंभक म्हणजे तो पाहा, खांबाला टेकून झोपी गेलेला भिक्खू."

शेजारचा भिक्खू त्याला हलवू लागला, तेव्हा शास्ते म्हणाले, "राहू दे. सकाळपासून लाकडे वाहतोय, दमलाय. उठला की सांगेन पुन्हा."

न चिडता सोसण्याच्या या वृत्तीलाच क्षांती म्हणतात.