कुंडाचा राखणदार आणि मत्सरी साळिंदर

मुलांनो, डोंगराच्या एका घळीत फार जुनी देवराई होती. त्या देवराईत, मोठ्या शिळेखालच्या बिळात, एक साळिंदर राहायचा. देवराईच्या मधोमध पाण्याचे कुंड होते. भोवतालचे ओढे चैत्रात आटत, पण कुंडाचे पाणी कधी आटत नसे. त्या पाण्यात वनदेवीचा वास आहे अशी सगळ्या प्राण्यांची श्रद्धा होती. म्हणून कुंडाभोवतीच्या करवंदीच्या उंच, दाट कुंपणाच्या आत कुणी कुणाला मारायचे नाही, असा नियम होता. लहान पिल्लांच्या आया उन्हाळाभर तिथेच मुक्काम करत. आत यायला एकच वाट होती. दिवस मावळताना ती काटेरी फांद्यांनी बंद करायची, हे राखणदाराचे काम. हा राखणदार सगळे प्राणी मिळून दरवर्षी आपल्यातूनच निवडत.

त्या वर्षी आपलीच निवड होणार असे साळिंदराला वाटत होते. पावसात कोसळलेले कुंपण त्याने उभे करून दिले होते आणि कुंडातला गाळही काढला होता. पण निवड झाली सांबराची. सांबर उंच आणि देखणा होता, त्याची शिंगे डौलदार होती, आवाज भरदार होता. गुडघाभर पाण्यात उभे राहून, डोळे मिटून त्याने शपथ घेतली, "या कुंपणाच्या आत कुणाचे रक्त सांडू देणार नाही. देवी साक्षी आहे." ऐकताना कितीतरी जणांचे डोळे भरून आले. साळिंदराच्या मनात मात्र एकच आले, की हे शब्द माझ्या तोंडी असायला हवे होते.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. सांबराची कुणी स्तुती केली की उकरून काढलेला कंद तसाच टाकून तो उठून जाई. पाण्यात सांबराच्या शिंगांचे प्रतिबिंब दिसू नये म्हणून तो कुंडाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाणी पिऊ लागला. मग त्याने सांबराच्या चुका हेरायला सुरुवात केली. सांबर पाण्यात चिखल करतो, प्रार्थनेला उगाच जास्त वेळ डोळे मिटून उभा राहतो, धाकट्यांना आधी पिऊ देत नाही, असे तो ज्याला त्याला सांगत सुटला. सुरुवातीला प्राण्यांनी ऐकून घेतले. पुढे पुढे तो बोलू लागला की ते मान फिरवून चरू लागत.

एका संध्याकाळी साळिंदर वाटेजवळच्या झुडपात मुळे उकरत होता. तेवढ्यात सांबर तिथे आला. वाट बंद करण्याऐवजी त्याने शिंगांनी फांद्या बाजूला सारल्या. बाहेर बिबट्या उभा होता.

"माझ्या कळपातल्या पिल्लांना हात लावायचा नाही," सांबर हळू आवाजात म्हणाला. "बाकी आत कोण आले, कोण गेले, ते मी पाहिलेले नाही."

बिबट्याने मान डोलावली.

हे ऐकून साळिंदराला भीती वाटायला हवी होती. पण मुलांनो, त्याला आधी झाला तो आनंद. अखेर सापडला, असे म्हणत तो कुंडाकडे पळाला. तिथे प्राणी जमले होते. बिबट्या आत येतोय, एवढेच तो म्हणाला असता तर पुरे होते. पण इतक्या दिवसांचे त्याला आधी बोलून घ्यायचे होते. मी पहिल्यापासून सांगत होतो, असे म्हणून त्याने सुरुवात केली. चिखलाचे सांगितले, ढोंगी प्रार्थनेचे सांगितले, आपल्यावर कसा अन्याय झाला तेही सांगितले. बिबट्याच्या गोष्टीपर्यंत तो पोहोचला तेव्हा निम्मे प्राणी निघून गेले होते.

"साळिंदरभाऊ, तो तुम्हाला खुपतो, हे आम्हाला ठाऊक आहे," एक हरिणी म्हणाली. "पण त्यासाठी असले काही रचू नका."

तिचे बोलणे संपते न संपते तोच कुंपणाच्या कडेला झटापट झाली. करवंदे खात असलेले तिचे पाडस बिबट्याने उचलून नेले होते.

सांबर धावत आला आणि सर्वांच्या आधी रडला. बिबट्याने कुंपणावरून उडी मारली असेल, असे तो म्हणाला. देवीचा कोप झाला असावा, असेही म्हणाला आणि पाण्यात उभा राहून त्याने डोळे मिटले. सगळ्यांनी त्याच्यामागे माना लववल्या. साळिंदर एका बाजूला उभा होता. आता आपले कुणी ऐकणार नाही, हे त्याला कळून चुकले होते.

दुसऱ्या दिवशी तो हरिणीकडे गेला. ती चरत नव्हती, नुसती उभी होती.

"ताई, काल मी आधी तुझ्या पाडसाकडे धावायला हवे होते," तो म्हणाला. "मी सगळ्यांसमोर बोलत बसलो, कारण मला सांबराची फजिती पाहायची होती. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. संध्याकाळी वाटेजवळ ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

संध्याकाळी हरिणी आली आणि झुडपाआड थांबली. सांबर आला, त्याने फांद्या सारल्या, आणि बाहेर बिबट्याचे डोळे चमकले. हरिणीने धोक्याची हाक दिली. ती हाक ऐकताच सगळी देवराई वाटेकडे धावली. एवढा जमाव पाहून बिबट्या मागे सरला. सांबराच्या शिंगांत काटेरी फांद्या अजून अडकलेल्या होत्या, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. माझ्या कळपातल्या पिल्लांच्या काळजीने मी हे केले, एवढेच तो बोलला. हरिणीने त्याच्याकडे पाहिले, तेव्हा त्याने मान खाली घातली. त्याच संध्याकाळी प्राण्यांनी त्याला राखणदारीवरून दूर केले.

मग निराळीच कुजबुज सुरू झाली. देवीसमोर शपथ घेणाराच असा निघाला, तर ती देवी काय कामाची, आणि ते कुंपण तरी कशाला, असे कुणीकुणी म्हणू लागले.

"शपथ त्याने मोडली. या पाण्याने काय केले?" हरिणी म्हणाली. "दुसऱ्यांची पिल्ले अजून इथेच झोपतात. नियम राहिला पाहिजे."

राखणदार आता साळिंदरानेच व्हावे, असे एकाने सुचवले आणि सगळे त्याच्याकडे पाहू लागले. या क्षणाची त्याने किती वाट पाहिली होती. पण तो म्हणाला, "मला ही जागा इतकी हवी होती, की संकट समोर दिसत असताना मी तिचाच विचार करत राहिलो. मी नको. हिला करा."

हरिणीच्या नावाला सगळ्यांनी संमती दिली तेव्हा साळिंदराला ते पुन्हा थोडे खुपले. हे काय आहे, ते आता त्याला ओळखता येत होते. तो हरिणीजवळ गेला आणि पूर्वेकडचे कुंपण विरळ झाले आहे, तिथे आधी लक्ष दे, असे सांगून तिच्याबरोबर तिकडे चालू लागला.

तात्पर्य : नेत्याने शपथ मोडली तर ते बोलून दाखवणे प्रत्येकाचे कर्तव्यच आहे, पण मत्सराच्या तोंडून निघालेले सत्य कुणाला पटत नाही, आणि त्याची किंमत भलत्याच निरपराधाला मोजावी लागते.