आबासाहेबांच्या भिंतीवरचे पट्टे

शिकार बंद होऊन जमाना लोटला, तरी आबासाहेब तळेगिरेंच्या दिवाणखान्यात शिकारी जनावरांचे पट्टे अजून टांगलेले. काय तो तोरा! पाहुण्याने आधी त्या पट्ट्यांची जुनी नावं ऐकायची, चहा मग.

धाकट्या मुलाने पसंत केलेली हेमांगी एसटीत कंडक्टर. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हाही तेच.

"हा आजोबांच्या शिकारी कुत्र्याचा गळपट्टा, ही ससाण्याच्या पायातली चामड्याची वादी," आबासाहेबांनी छडीने दाखवलं. "आमच्याकडे मोकळं कुणाला सोडत नाहीत. लग्नानंतर तुझी नोकरी बंद. बरं, सांग पाहू, यातलं उत्तम कोणतं?"

होणारा नवरा खाली बघत बसला. हेमांगीला तो हवा होता, पण नोकरीही हवी होती. तिने भिंत नीट न्याहाळली.

"सगळेच उत्तम जपलेत, आबासाहेब. पण सोडल्याशिवाय ना कुत्रा ससा धरतो, ना ससाणा पाखरू. तुमच्या आजोबांना सोडायचं कधी ते कळत होतं, म्हणून घरात शिकार यायची. तुम्हाला नुसतं बांधणं ठाऊक, म्हणून भिंतभर पट्टे आणि दारात साधं कुत्रंही नाही!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आबासाहेबांच्या पत्नीचा आवाज आला, "हेमांगी, लग्नानंतर डबा किती वाजता लागेल गं तुला?"