राजाच्या खांद्यावर मेंढी

माळदऱ्याची माणसं गरीब, पण त्यांच्या घोंगड्यांना तोड नव्हती. शेजारचा विलासपूरचा राजा मात्र हुशार. विणकाम आपल्याच मुलखात राहावं म्हणून त्यानं नाक्यावर लोकर फुकट सोडली आणि घोंगडीवर तिच्या किमतीइतकी जकात बसवली. वर्षभरात माळदऱ्याचे निम्मे माग बंद पडले. वर राजा मिरवायचा, "गरिबांचा माल आम्ही फुकट येऊ देतो!"

राजाच्या वाढदिवसाला त्याला घोंगडी पांघरवून मान देण्याची माळदऱ्याची जुनी रीत होती. यंदा तो मान द्यायला म्हाळसाक्का नावाची विणकरीण आली. तिनं राजाच्या हातात नारळ दिला, सोबत आणलेली मेंढी उचलली आणि सरळ त्याच्या खांद्यावर ठेवली. मेंढी बें बें करू लागली. सगळा दरबार गार पडला.

"हा काय चावटपणा?" राजा ओरडला. "घोंगडी कुठाय?"

"हीच की, महाराज." बाईचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "विणून आणली असती तर जकात पडली असती. अशी आणली, तर तुमच्या शिपायांनी फुकट सोडली."

"अगं, पण हिची लोकर कातरायची कुणी? सूत कुणी काढायचं? विणायचं कुणी?"

"ती माणसं माळदऱ्यात हातावर हात धरून बसलीत, महाराज. त्यांचं काम तुमच्या नाक्यावर अडलंय."

मग खांद्यावरची मेंढी उतरायच्या आधी घोंगडीवरची जकात उतरली.