घोडीच्या नाकावरची जाळी

फार फार वर्षांपूर्वीची, जनावरं माणसांशी बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी मालोबा नावाचा एक चुनेवाला राहत होता. डोंगरावरच्या भट्टीतून चुना भरायचा आणि राजधानीत नवा कोट बांधत होते तिथे पोचवायचा, हे त्याचं रोजचं काम. गोण्या त्याच्या करड्या घोडीच्या पाठीवर असत आणि तो तिच्या शेजारून चालत असे.

वाट सगळी पांढऱ्या धुळीची. म्हणून मालोबाची बायको येसू रोज सकाळी घोडीच्या नाकावर जुन्या लुगड्याचं फडकं बांधून देई. संध्याकाळपर्यंत ते चुन्याने कडक होई. मग येसू ते टाकून देई आणि सकाळी दुसरं फाडी.

एकदा राजधानीच्या बाजारात मालोबाला नाकावर बांधायची एक तांबडी जाळी दिसली.

दुकानदार म्हणाला, "राजाच्या शर्यतीच्या घोड्यांना हीच बांधतात. हवा भरपूर मिळते, घोडा जोरात पळतो. मळली की धुवा, वाळवा, तेलाचा हात फिरवा आणि पुन्हा बांधा. जन्मभर टाकायला नको!"

वाटेत दुसरे चुनेवाले मालोबाला मागे टाकून जात, ते त्याला फार लागत असे. त्याने जाळी घेतली.

दुसऱ्या दिवशी घोडी झपाझप चालते आहे असं त्याला वाटलं. घरी आल्यावर येसूने विचारलं, "आज लवकर आलात का?"

"आलो की थोडा लवकर," मालोबा म्हणाला. पण रोज तो घरी येई तेव्हा येसू दिवा लावत असे, तशी आजही ती दिवाच लावत होती.

थोड्या दिवसांनी घोडी म्हणाली, "धनी, फडकंच बरं होतं. या जाळीतून धूळ आत येते."

"अगं, राजाचे घोडे कुठे तक्रार करतात?"

"ते पाणी शिंपडलेल्या मैदानात घटकाभर पळतात, धनी. मी दिवसभर चुन्यात चालते."

मालोबा हसला. तिला काय कळतंय, असं त्याला वाटलं. पुढे पुढे जाळी धुवायचाही त्याला कंटाळा येऊ लागला. कधी ती ओलीच बांधली जाई, कधी तेल लावायचं राहून जाई, आणि तेल नसलं की धूळ सरळ आत शिरे.

हिवाळा आला तशी घोडी खोकू लागली. येसू म्हणाली, "मी फडकं बांधते हो."

"एवढी उंची जाळी असताना?" मालोबा तिच्यावरच उखडला.

मग एके दिवशी चढावर घोडीचे पाय दुमडले. वैद्याने तिच्या बरगड्यांना कान लावला आणि मान हलवली. "चुना छातीत बसलाय. जगेल ती, पण ओझं वाहणं आता तिच्याच्याने होणार नाही."

तेव्हापासून मालोबा स्वतःच्या डोक्यावर गोण्या वाहू लागला. कामाला निघण्याआधी तो घोडीला नदीकाठच्या ओल्या गवतात नेई. तिथली हवा स्वच्छ होती.

एका सकाळी तो म्हणाला, "मी तुझं ऐकलं नाही गं."

"तुम्ही माझं वाईट थोडंच चिंतलं होतं, धनी," घोडी म्हणाली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना.

मालोबा तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. ही आपल्यावर रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: शर्यतीसाठी घडवलेली वस्तू रोजच्या वाटेला लावण्याआधी, ती वाट जो चालतो त्याचं म्हणणं ऐकावं.